रुईची भावकी

रुई कोणाला माहीत नाही? रस्त्याच्या कडेला, कचऱ्याच्या ढिगाशेजारी, पडक्या भिंतीच्या फटीत, जिथे दुसरं काही उगवायला तयार होत नाही तिथे रुई मजेत उभी असते. पण तिची भावकी फार मोठी आहे, आणि बाकीचे भाऊबंद तिच्यासारखे मनमिळाऊ नाहीत. काही वेली एकाच डोंगराच्या एकाच उतारावर राहतात आणि शेजारच्या डोंगराचं तोंडही बघत नाहीत. माती तीच, पाऊस तोच, ऊन तेच. तरीही नाही म्हणजे नाही. आमच्या प्रदेशात या कुळातल्या किती जाती आहेत आणि कुठली कुठे सापडते, याचं पुस्तक तयार करणं हे माझं काम होतं. नकाशावर चौकोन आखायचे, एकेका चौकोनात पायी हिंडायचं, दिसेल त्याची नोंद करायची. आयुष्याची बरीच वर्षं त्यात गेली, आणि मजेत गेली.

या कामात माझ्याबरोबर वहिनी असायची. दादा गेल्यावर ती घरात नुसती बसून राहायला लागली होती. तिचा चित्रकलेचा हात चांगला, म्हणून मी तिला जवळजवळ ओढूनच आणलं. सुरुवातीला म्हणाली, "मला पानं-फुलं काढता येतात, शास्त्र-बिस्त्र नाही." वर्षभरात अशी वेळ आली, की तिच्या चित्रात दिसलेला पाकळीवरचा केस मी परत जाऊन भिंगातून शोधायचे, आणि तो तिथे असायचा.

आणखी एक काम तिच्याकडे होतं. एका लांबलेल्या तापात माझी वास घेण्याची शक्ती गेली ती गेलीच. कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाईंकडे कितीतरी खेपा घातल्या, उपयोग शून्य. आणि या कुळात तर फुलाच्या वासाला फार महत्त्व. तेव्हा हुंगायचं खातं वहिनीचं. ती फुलाजवळ नाक न्यायची, डोळे मिटायची आणि सांगायची, "घे लिहून. ओले मोजे." नाहीतर, "रद्दीच्या दुकानात पाणी शिरलंय." मी ते जरा सभ्य भाषेत उतरवून घ्यायचे. माझ्यावर चिडली की ती मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची. एरवी नुसतं 'अगं'.

तिसरा आमचा ड्रायव्हर. गाडी इतकी सावकाश चालवायचा, की दादानं त्याचं नाव विमान ठेवलं होतं. त्यालाही ते आवडायचं. फोनवर स्वतःच सांगायचा, "विमान बोलतोय."

या भावकीतली सगळ्यात लबाड मंडळी म्हणजे कंदीलफुलं. फूल जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढं. खाली फुगीर पोट, वर नळी, आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेला कंदील. वासावर भुलून बारीक माश्या येतात. प्रत्येक जातीची माशी वेगळी, तसा वासही वेगळा. ज्या माशीला जे हवं, त्याचा वास. आत ते नसतंच. नळीत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे शिरणं सोपं आणि निघणं अशक्य. माशी दिवसभर पोटात अडकून राहते. तेवढ्यात फूल आपलं काम उरकून घेतं. या कुळातले पराग सुटे, भुकटीसारखे नसतात. मेणासारख्या दोन पिवळ्या पिशव्या आणि त्यांना जोडणारा एक तपकिरी चिमटा, असा जोड असतो. तो चिमटा माशीच्या तोंडाला बसतो. मग नळीतले केस कोमेजतात, फूल कलतं, आणि माशी ओझं घेऊन बाहेर पडते, दुसऱ्या कंदिलाच्या शोधात.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वहिनी म्हणाली होती, "म्हणजे फसवून ठेवून घ्यायचं, आणि वर सामान देऊन पाठवायचं."

"पण मारत नाहीत," मी म्हटलं.

"वा! केवढे उपकार."

पुस्तक संपत आलं होतं. नकाशावरचा शेवटचा चौकोन एका उंच पठाराच्या कडेचा होता. तिथे आमच्याआधी कोणी गेल्याची नोंद नव्हती. पायथ्याच्या विश्रामगृहात आम्ही उतरलो, आणि सकाळी ऊन तापायच्या आत चढायला लागलो. वर सपाट काळा कातळ, त्यावर घोट्याएवढं गवत, आणि पुढे सरळ खाली उतरलेला कडा. आभाळ स्वच्छ होतं. वारा नावाला नव्हता.

वहिनी एकदम थांबली.

"काय गं?" मी विचारलं.

ती मान थोडी वर करून उभी राहिली. मग डावीकडे वळून चालायला लागली. ती नेहमी माझ्या मागे चालणारी, पाय जपून टाकणारी बाई. त्या दिवशी तिला गाठताना मला धाप लागली.

कड्याच्या अगदी टोकाशी, एका खडकाच्या आडोशाला, वेल होती. समोरासमोर पानं, जाड देठ, खोडाला पाण्यासारखा चीक. कंदीलफुलाचीच वेल, पण मी पाहिलेल्या कुठल्याही जातीशी पानाचा आकार जुळेना.  मी वेल शेंड्यापासून बुडापर्यंत तपासली. फूल नव्हतं. कळीही नव्हती.

"वहिनी, वास कसला येतोय?"

"डाख वितळल्याचा," ती म्हणाली. "राळेचा धूर. आणि... यांच्या टेबलाचा."

दादा रेडिओ दुरुस्त करायचा, डाख देऊन तारा जोडायचा. घरातल्या मागच्या खोलीत त्याचं टेबल होतं.

"फूल तर एकही नाहीये."

"नसू दे ना. वास येतोय." तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

मी विमानला हाक मारली. तो पाण्याचा डबा घेऊन मागून येत होता. खडकापासून थोड्या अंतरावर त्याचा पाय उचलेना. त्याचा चेहरा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. हरवलेलं मूल एकदम गर्दीत दिसावं तसा.

"तुला काय वास येतोय रे?"

"विचारू नका ताई." त्यानं डबा खाली ठेवला. "मी गाडीपाशी थांबतो. तुम्हीपण चला. दोघीही चला."

तो गेला, भराभरा. मला कसलाच वास येत नव्हता. समोर एक वेल होती आणि तिची नोंद करायची होती. वहिनीनं घडीचं स्टूल उघडलं, मांडीवर फळा घेतला, पेल्यात पाणी ओतलं. मी खडकाला वळसा घालून पलीकडे आणखी वेली आहेत का ते बघायला गेले. नव्हत्या. परत आले.

स्टूल होतं. फळा गवतावर होता, त्यावर एका पानाची कड काढून झालेली. पेल्यातल्या पाण्यात कुंचला नुकताच बुडवलेला असावा. हिरवा रंग अजून धाग्याधाग्यानं पसरत होता.

वहिनी नव्हती.

मी हाका मारल्या. पालथी पडून कड्याच्या खाली पाहिलं. खाली भिंतीसारखा उघडा कातळ, पायथ्याला दगड, सगळं लख्ख उन्हात. लपायला झुडूपही नव्हतं. विमान धावत वर आला. त्यानं पायथ्याच्या वनरक्षकांना बोलावून आणलं. ते दोर लावून खाली उतरले. एकानं पडल्याच्या खुणा शोधल्या, दुसऱ्यानं पावलांच्या. गवतात वहिनीची पावलं स्टुलापर्यंत येत होती. परत जाणारी नव्हती. वनरक्षकांतला थोरला माझ्याकडे बघायचं टाळत होता.

रात्री तिथे पाऊस झाला. मी विश्रामगृहाच्या ओट्यावर बसून राहिले. विमान गाडीत, काचा बंद करून.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे वर गेलो. कड्याची ती बाजू सकाळपासून तीनदा पाहून झाली. उन्हं डोक्यावर आली होती. मी आणि थोरला वनरक्षक खडकाशी पाणी प्यायला टेकलो होतो, स्टुलाकडे पाठ करून.

"किती वेळ लावलास गं?" मागून वहिनीचा आवाज आला.

ती स्टुलावर बसली होती. हातात पेला होता. "आणि हे पाणी कोणी खराब केलं? पालापाचोळा पडलाय सगळा."

वनरक्षकाच्या हातातली बाटली खाली पडली. मी धावत जाऊन तिला मिठी मारली. तिच्या अंगावरचे कपडे कोरडे होते. गवत, स्टूल, फळ्यावरचा कागद, सगळं रात्रीच्या पावसानं भिजलेलं, आणि ती कोरडी ठणठणीत. अंग गरम होतं, उबेत झोपलेल्या बाळाचं असतं तसं.

"रडतेस काय अशी? वन्सं, काय झालं?" ती म्हणाली. तिचं बोलणं जड येत होतं. तोंडात खडीसाखर धरून बोलावं तसं.

पायथ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी नाडी, रक्तदाब पाहिला. सगळं ठीक. मग तिच्या बाह्या वर केल्या. दोन्ही हातांवर, मनगटापासून खांद्यापर्यंत, बारीक बारीक रेघा होत्या. मानेवरही. पोटऱ्यांवरही. दुखत नव्हत्या. गालिच्यावर बराच वेळ झोपलं की अंगावर उठतात तशा, पण सगळ्या एकाच दिशेच्या. एकही आडवी नव्हती.

"कशावर झोपला होता तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"झोपले कुठे? चित्र काढत होते," वहिनी म्हणाली.

"बोलताना अडखळताय. आ करा बघू. जीभ वर उचला."

तिनं जीभ उचलली. डॉक्टरांनी विजेरी आत धरली. आणि ती तशीच धरून राहिले.

"ताई," ते म्हणाले, "जरा इकडे येता?"

जिभेखाली, जिथे तिचा पातळ पडदा खाली चिकटलेला असतो तिथे, दोन पिवळ्या गोष्टी लोंबत होत्या. प्रत्येक चिंचोक्याएवढी. मेणासारखी तुकतुकीत. दोन्हींच्या मधे गडद तपकिरी रंगाचा एक चिमटा, आणि तो त्या पडद्यावर घट्ट मिटलेला.

मी खिशातून भिंग काढलं. सवयीनं काढलं. त्याची गरज नव्हती.

असे जोड मी हजारो पाहिले होते, पण सूक्ष्मदर्शकाखाली. बोटाच्या दोन पेरांएवढ्या फुलात ती पिशवी खसखशीच्या दाण्याहूनही लहान असते.

डॉक्टरांनी चिमटीत धरून हलकेच ओढलं. वहिनी अशी किंचाळली, की बाहेर बसलेला विमान दार ढकलून आत आला.

"काय आहे हे?" डॉक्टर मला विचारत होते. "गाठ आहे का? तुम्ही ओळखता का?"

मी विजेरीच्या उजेडात त्या पिशवीची लांबी बोटानं मापली. 

माझ्या डोक्यात आपोआप हिशेब चालू झाला होता. पिशवी एवढी, तर नळी केवढी. नळी केवढी, तर पोट केवढं.

मी दवाखान्याच्या दाराकडे पाहिलं. ते फूल त्या दारातून आत आलं नसतं. उंचीला कमी पडलं असतं दार.

परतीच्या वाटेवर विमाननं गाडी कधी नव्हे ती जोरात हाणली. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. मी विचारलं, "तिथे दादा होता का?"

तिनं कुठे म्हणून विचारलं नाही.

"नव्हते गं," ती म्हणाली. "पण आत्ता येतील, असं वाटत होतं. जिन्यावर पाऊल वाजलंय, आता कडी वाजेल, आपण उठून दार उघडायचं, एवढंच बाकी. तेवढंच होतं सगळं. फार बरं वाटत होतं."

"हे तोंडातलं काढून टाकायचंय, वहिनी. मी डॉक्टरबाईंना फोन केलाय."

"नको."

"नको काय? बोलता येत नाहीये तुला धड."

"लागत नाही मला. राहू दे." मग लहान मुलीसारखी म्हणाली, "ते पोचवायचंय."

विमाननं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि पटकन नजर रस्त्यावर नेली.

घरी आल्यावर मी तिला एकटं सोडलं नाही. तिच्याच खोलीत झोपले. सकाळी डॉक्टरबाईंकडे जायला निघालो. विमाननं गाडी दाराशी आणली, मी कुलूप लावायला वळले, किल्ली अडकली म्हणून क्षणभर खोळंबले. तेवढ्यात वहिनी फाटकातून बाहेर पडून चालायला लागली होती. मान थोडी वर. पाय भराभर.

"वहिनी!" विमान गाडीतून उतरून तिच्या मागे पळाला. मीही पळाले. रस्त्यावर माणसं होती, दुकानं उघडत होती, कोणीतरी पायरी धूत होतं. ती पाण्याच्या टाकीच्या भिंतीला वळसा घालून मागच्या बोळात शिरली. विमान तिच्यापासून चार हात मागे होता.

मी पोचले तेव्हा तो बोळाच्या तोंडाशी उभा होता, खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारून. डोळे गच्च मिटलेले. गालांवरून पाणी वाहत होतं.

"मला धरून ठेवा ताई," तो म्हणाला. "हा खांब सोडला तर मी जाईन."

बोळात तिन्ही बाजूंनी भिंत होती. नळाची गळकी तोटी, ओल्या विटा. एका फटीतून हाताएवढी वेल बाहेर आली होती. समोरासमोर पानं. फूल नाही.

मी ती उपटून काढली, मुळासकट. वहिनीला हाका मारल्या. भिंतीवर हात आपटले. दुकानातली माणसं गोळा झाली आणि मला काय झालंय ते एकमेकांना विचारायला लागली.

दुसऱ्या दिवशी, त्याच सुमाराला, ती बोळात उभी होती. ओळखीच्या माणसानं रस्त्यात सोडून दिलं आणि आता कुठे जायचं ते समजत नाही, अशी. मी रात्रभर तिथेच, टाकीच्या पायरीवर होते. डोळ्यांसमोर बोळ होता. तरी ती कशी आली ते मी पाहिलं नाही. मी शिंकले असेन, नाहीतर पापणी मिटली असेल.

"वहिनी."

"अगं, मी इथे कशाला आले होते?" ती म्हणाली. शब्द स्वच्छ होते, नेहमीसारखे.

मी तिला जीभ उचलायला सांगितलं. तिथे काही नव्हतं. पडद्यावर एक बारीकशी खूण, चावा घेतल्यासारखी.

घरी येऊन तिनं तोंड धुतलं, चहा घेतला. मग घरभर हिंडत प्रत्येक खोलीत डोकावून पाहत राहिली. मागच्या खोलीत, दादाच्या टेबलाशी, जरा जास्त थांबली. खण उघडून तिनं डाखाच्या तारेचं वेटोळं हातात घेतलं, नाकाशी नेलं.

"हे कशाचं गं?"

"वहिनी, दादाचं आहे ते."

"हो का?" तिनं पुन्हा एकदा हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. लाजल्यासारखं हसली. "कोण दादा?"

मी भिंतीवरचा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिनं तो नीट निरखला, काचेवरची धूळ पुसली, आणि उलटा करून टेबलावर ठेवला, पाहुण्यांच्या घरातली वस्तू बघून झाल्यावर ठेवावी तसा.

दुपारी मी तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. ऐकून त्या हसल्या असत्या तरी चाललं असतं. निदान कोणीतरी हसलं असतं.

त्यांनी वहिनीला खुर्चीत बसवलं, कपाळावरचा दिवा लावला, जिभेखाली पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

"गळून गेलंय वाटतं आपोआप," त्या म्हणाल्या. "बरं झालं. बाकीच्यांचं मला कापून काढावं लागलं."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बाकीच्यांचं?"

डॉक्टरबाईंनी वहिनीला बाहेर बसायला सांगितलं. ती आज्ञाधारकपणे गेली. बाईंनी दार लावलं, दिवा काढून ठेवला, आणि कपाटातून जाळीच्या कापडानं झाकलेली एक स्टीलची ताटली आणली.

"या महिन्यातले आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "एक खलाशी होता. एक शाळेतल्या बाई. एक म्हातारे गृहस्थ, वरच्या खाणींकडचे. एक तर नवी नवरी. कोणी कोणाला ओळखत नाही, सगळे वेगवेगळ्या टोकांचे. मी तपासायला पाठवलं, तर मेण आहे म्हणतात. मेण कसं असेल? तुमचं झाडांमधलं काम, म्हणून विचारते. तुम्ही बघा जरा."

त्यांनी कापड उचललं.

पिवळे जोड ओळीनं मांडलेले होते. मी भिंग काढलं आणि ताटली उजेडात ओढली. एकाच्या पिशव्या कोयरीसारख्या वळलेल्या होत्या. दुसऱ्याच्या वाटोळ्या, त्यांच्या कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी. तिसऱ्याचा चिमटा लांबट, चौथ्याचा आखूड आणि मधे दुभंगलेला. मी पुन्हा पहिल्यापासून बघत गेले, कारण आयुष्यभर मी हेच केलं होतं आणि यात माझा डोळा चुकत नाही.

त्यातले कुठलेच दोन जोड एका जातीचे नव्हते.